केल्टिक भाषा, प्राचीन

इंडो-यूरोपियन भाषाकुटुंबाच्या केल्टिक शाखेतील ज्या भाषा इ. स. पू. पहिल्या सहस्रकात व त्यानंतरच्या काही शतकांत बोलल्या जात होत्या आणि पुढे नामशेष झाल्या, त्यांना सामान्यतः प्राचीन केल्टिक भाषा म्हणतात. लेपाँटिक, गॉलिश, केल्टिबेरियन, गलेशियन व नॉरिक या त्यांपैकी प्रमुख होत. आयरिश, स्कॉटिश गेलिक, वेल्श व ब्रेटन या आज परंपरेने बोलल्या जाणाऱ्या केल्टिक भाषा यूरोपच्या वायव्य टोकापुरत्या उरल्या आहेत. कॉर्निश भाषा अठराव्या शतकाच्या सुमारास व्यवहारातून गेली आणि मँक्स ही मातृभाषा असलेली अखेरची व्यक्ती १९७४ मध्ये निधन पावली. या दोहोंचे नंतर प्रयत्नपूर्वक पुनरुज्जीवन करण्यात आले. परंतु ख्रिस्तपूर्व काळात केल्टिक भाषांचा विस्तार पश्चिमेस आयबेरियन द्वीपकल्पापासून पूर्वेस आशिया मायनरपर्यंत होता. एवढ्या मोठ्या प्रदेशातील या भाषांचे वाङ्‍मय मात्र उपलब्ध नाही. दगड, शिसे, कांसे व मातीची भांडी यांवरील लेख, नाण्यांवरील अक्षरे, व्यक्तींची व स्थळांची नावे आणि ग्रीक-रोमन लेखकांनी नोंदविलेले सुटे शब्द एवढीच त्यांच्या अभ्यासाची सामग्री आहे. त्यामुळे त्यांच्या वर्गीकरणाचा प्रश्न हा मुख्यतः अल्प पुराव्यावरून किती अनुमान काढता येते, याचा प्रश्न आहे.

शाखेची ओळख : आयरिश, वेल्श, कॉर्निश व ब्रेटन या भाषांचे परस्परांशी आणि प्राचीन गॉलिशशी नाते आहे, हे एडवर्ड लूइड या वेल्श विद्वानाने १७०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तौलनिक सामग्रीच्या आधारे दाखविले. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे दिलेल्या प्रसिद्ध व्याख्यानात संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या समान उगमाची कल्पना मांडली, तेव्हा केल्टिकही त्याच उगमातून निघाली असावी, असे त्यांनी सुचविले. पण ते काहीसे साशंकतेने. ही शंका निराधार नव्हती. मध्ययुगीन व अर्वाचीन केल्टिक भाषांत शब्दांच्या अंत्य भागांची इतकी झीज झाली आहे व शब्दारंभीची व्यंजने संदर्भाप्रमाणे इतकी बदलतात, की त्यांचे संस्कृत-लॅटिनशी असलेले साम्य वरवर पाहता दिसत नाही. जेम्स काउल्स प्रिचर्ड (१८३१) व फ्रांट्स बॉप (१८३८) यांनी हे नाते सिद्ध केले आणि योहान कास्पार त्सॉइस यांच्या १८५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लॅटिन भाषेतील व्याकरणग्रंथाने केल्टिक भाषाशास्त्राचा पाया घातला.

एखादी भाषा केल्टिक आहे की नाही, हे ठरविण्यासाठी काही ध्वनिपरिवर्तने कसोटी म्हणून वापरली जातात. त्यांतील सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मूळ इंडो-यूरोपियन ‘प’ या व्यंजनाचा स्वरापूर्वी झालेला लोप. संस्कृत ‘पितृ’ व लॅटिन ‘पातेर’ यांना प्राचीन आयरिशमध्ये ‘आथिर’ हा प्रतिशब्द आहे. मूळ दीर्घ ‘ए’चा ‘ई’ होणे हे दुसरे लक्षण : लॅटिन ‘रेक्स’ (राजा), परंतु गॉलिश ‘रीक्स’. सीझरविरुद्ध लढलेल्या वेर्किंगेतोरीक्स या गॉलिश सेनानीच्या नावाच्या शेवटी हाच शब्द असून तो संस्कृत ‘राजन्’शी संबंधित आहे. तिसरे लक्षण म्हणजे मूळ ‘ग्व’ या कंठोष्ठ्य व्यंजनाचा ‘ब’ होणे : संस्कृत ‘गो’, प्राचीन आयरिश ‘बो’. त्याचप्रमाणे स्पर्शव्यंजनापूर्वीच्या मूळ ‘ऋ’चा ‘रि’ होतो. संस्कृत ‘बृहत्’ या शब्दात दिसणारा धातू केल्टिक स्थलनामांत ‘ब्रिगा’ (उंच जागा, टेकडीवरील गढी) या रूपात आढळतो. यांपैकी कोणतेही एक लक्षण पुरेसे नसते. ती एकत्र आढळली म्हणजेच निष्कर्ष ग्राह्य ठरतो.

लेपाँटिक : केल्टिक भाषांपैकी सर्वांत जुने लेख या भाषेत आहेत. उत्तर इटलीतील व दक्षिण स्वित्झर्लंडमधील सरोवरांच्या प्रदेशात सापडलेले हे लेख इ. स. पू. सहाव्या शतकापासूनचे असून ते एट्रुस्कन लिपीवरून तयार झालेल्या लुगानो लिपीत कोरलेले आहेत. या लिपीत घोष व अघोष स्पर्शव्यंजनांना वेगळी चिन्हे नसल्यामुळे ‘प’ आणि ‘ब’ एकाच अक्षराने दाखविले जातात. लेपाँटिक ही पूर्वी अनेकांच्या मते लिग्यूरियन किंवा केल्टिकशी दूरचे नाते असलेली भाषा होती. मीशेल लझन या फ्रेंच विद्वानाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने ती निःसंशय केल्टिक असल्याचे दाखवून दिले. कोमोजवळील प्रेस्तीनो येथील इ. स. पू. सु. ५०० मधील शिलालेखात ‘उवामो-’ या घटकाने सुरू होणारे एक व्यक्तिनाम आहे. वैदिक संस्कृतातील ‘उपम’ (सर्वांत उंच) या शब्दाचे ते केल्टिक रूप होय. मधला ‘प’ येथे लोप पावलेला आहे. त्याच लेखातील ‘-ओपोस’ हा प्रत्यय ‘-ओबोस’ असा वाचावयाचा असून तो संस्कृतातील चतुर्थीच्या ‘-भ्यः’ या अनेकवचनी प्रत्ययाशी जुळतो.

गॉलिश : आजच्या फ्रान्ससह बेल्जियम, स्वित्झर्लंड व उत्तर इटलीच्या मोठ्या भागात ही भाषा बोलली जात होती. मासिलिया (मार्से) या ग्रीक वसाहतीच्या प्रभावाने दक्षिण गॉलमध्ये ती प्रथम ग्रीक लिपीत लिहिली जाऊ लागली. ज्यूलियस सीझरने इ. स. पू. ५८ ते ५० या काळात गॉल जिंकल्यावर लॅटिन लिपी रूढ झाली. इटलीतील गॉलिश लेख लुगानो लिपीत आहेत. त्यांपैकी तोदी व व्हेर्चेल्ली येथील लेख लॅटिन व गॉलिश अशा दोन भाषांत असल्याने अर्थनिश्चितीच्या दृष्टीने फार मोलाचे ठरले आहेत. द्रुइड म्हणजे गॉलमधील पुरोहित आपली विद्या लिहून ठेवणे निषिद्ध मानीत, असे सीझर सांगतो. धार्मिक वाङ्‍मय हाती न येण्याचे हे एक कारण होय.

तरीही काही महत्त्वाचे दीर्घ लेख मिळाले आहेत. कॉलिन्यी येथे १८९७ मध्ये सापडलेले, इ. स. दुसऱ्या शतकातील कांस्य पंचांग पाच वर्षांचे असून त्यात दोन अधिक मास धरून ६२ महिने आहेत. वेदांगज्योतिषातील पंचवर्षात्मक युगातही ६२ चांद्र मास असतात. हे साम्य चंद्र-सूर्याच्या गतीचा मेळ घालण्याच्या गरजेतून उद्‍भवू शकते. केवळ त्यावरून भाषिक वा सांस्कृतिक नाते सिद्ध होत नाही. ला ग्रोफसांक येथील कुंभारांच्या भट्ट्यांच्या हिशोबांत (इ. स. पहिले शतक) ‘पेतुआरिओस’ (चौथा), ‘पिन्पेतोस’ (पाचवा), ‘ओक्तुमेतोस’ (आठवा), ‘देकामेतोस’ (दहावा) हे क्रमवाचक शब्द मिळतात. शामाल्येर येथे १९७१ मध्ये आणि लारझाक येथे १९८३ मध्ये सापडलेले शिशाच्या पत्र्यांवरील लेख मंत्रतंत्राशी संबंधित आहेत. लारझाकच्या लेखात अनेक स्त्रियांची नावे असून तो उपलब्ध गॉलिश लेखांतील सर्वांत मोठ्या लेखांपैकी एक आहे.

रोमन सत्तेखाली नगरे, सैन्य, न्यायालये व शिक्षण यांची भाषा लॅटिन झाल्याने गॉलिशचा व्यवहार संकोचत गेला. पण ती एकाएकी नष्ट झाली नाही. इ. स. तिसऱ्या शतकाच्या आरंभी उल्पियन या रोमन विधिज्ञाने मृत्युपत्राशी संबंधित विशिष्ट प्रकारचे विश्वासनिर्देश गॉलिश भाषेतही वैध मानले आहेत. फ्रेंचमधील नांगर, ओक वृक्ष व चंडोल पक्षी या अर्थांचे शब्द गॉलिशमधून आलेले आहेत. गाडा या अर्थाचा गॉलिश शब्द लॅटिनने उचलला व त्याच्याच परंपरेतून मराठीत रूढ झालेला ‘कार’ हा शब्द इंग्रजीमार्गे आला.

केल्टिबेरियन : स्पेनच्या ईशान्य-मध्य भागातील ही भाषा मुख्यतः इ. स. पू. दुसऱ्या व पहिल्या शतकांतील लेखांवरून ज्ञात आहे. तिच्या भाषिकांचे नुमान्तिया हे प्रसिद्ध नगर इ. स. पू. १३३ मध्ये रोमनांनी जिंकले. तिचे बरेचसे लेख आयबेरियन लोकांकडून घेतलेल्या अर्धाक्षरी लिपीत आहेत. मान्वेल गोमेथ-मोरेनो यांनी १९२० नंतरच्या दशकात या लिपीचे वाचन सिद्ध केले व पुढे आंतोन्यो तोवार आणि लझन यांनी भाषेचे केल्टिक स्वरूप निश्चित केले. सारागोसाजवळील बोतोरिता येथे १९७० मध्ये सापडलेला कांस्यलेख व १९९२ मध्ये सापडलेला व्यक्तिनामांची दीर्घ यादी असलेला लेख हे तिचे प्रमुख पुरावे होत.

या भाषेचे स्वरूप पुराणप्रिय आहे. तीत शब्दान्तीचा ‘म’ टिकून आहे. संस्कृत ‘च’ व लॅटिन ‘-क्वे’ यांच्याशी समान असलेले ‘-क्वे’ हे उभयान्वयी अव्यय शब्दाला जोडून येते. विशेष लक्षणीय म्हणजे संस्कृत ‘यः’, ‘यस्मै’ यांच्याशी जुळणारे संबंधी सर्वनाम तीत विभक्तिरूपांसह चालते. बोतोरिताच्या पहिल्या लेखात त्याचे ‘योमुई’ असे चतुर्थीचे रूप येते. मराठीतील ‘जो’ हे याच मूळ सर्वनामाचे वंशज होय. वाक्यात क्रियापद शेवटी येण्याची प्रवृत्तीही केल्टिबेरियनमध्ये दिसते. मध्ययुगीन आयरिश व वेल्श यांत ते सामान्यतः आरंभी येते.

गलेशियन व नॉरिक : इ. स. पू. २७८ मध्ये केल्टिक टोळ्या आशिया मायनरमध्ये उतरल्या व आजच्या अंकाराच्या परिसरात स्थायिक झाल्या. त्यांच्या गलेशियन भाषेतील एकही लेख उपलब्ध नाही. केवळ नावे व ग्रीक लेखकांनी दिलेले तुरळक शब्द मिळतात. संत जेरोम याने इ. स. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात गलेशियन लोकांची भाषा जवळजवळ ट्रिअर परिसरातील ट्रेव्हेरी लोकांसारखीच असल्याचे नमूद केले आहे. त्याने ट्रिअर येथे वास्तव्य केलेले असल्याने या विधानाला महत्त्व दिले जाते. उपलब्ध नावांवरूनही गलेशियन ही गॉलिशच्या अगदी निकटची होती, असे दिसते. पूर्व आल्प्समधील नॉरिकचा पुरावा त्याहूनही अपुरा असून स्लोव्हेनियातील प्तुय येथील लेखासारख्या अत्यल्प सामग्रीवर तो आधारलेला आहे. ती स्वतंत्र भाषा मानावी की गॉलिशची बोली, हे त्यावरून ठरविता येत नाही.

‘क’ व ‘प’ गट : मूळ ‘क्व’ या कंठोष्ठ्य व्यंजनाचे काय झाले, यावर आधारलेले वर्गीकरण सर्वांत जुने व सर्वाधिक परिचित आहे. ते जॉन रीस यांच्या नावाशी निगडित आहे. संस्कृत ‘चत्वारः’ व लॅटिन ‘क्वात्तुओर’ यांना प्राचीन आयरिशमध्ये ‘केथिर’, तर वेल्शमध्ये ‘पेद्वार’ असे प्रतिशब्द आहेत. गॉलिश ‘पेतुआरिओस’ वेल्शच्या बाजूस येतो. आयर्लंडमधील व पश्चिम ब्रिटनमधील ओगम लिपीतील, मुख्यतः इ. स. चौथ्या ते सातव्या शतकांतील लेखांत ‘मक्वी’ (मुलाचा) हे षष्ठीचे रूप वारंवार येते. त्यापासून आयरिश ‘मॅक’, तर समान मूळ शब्दापासून वेल्श ‘माप’ झाला. याप्रमाणे आयरिश व केल्टिबेरियन ‘क’ गटात, तर लेपाँटिक, गॉलिश व ब्रिटॉनिक ‘प’ गटात पडतात. ऑर्नाव्हासो येथील एका पात्रावरील लेपाँटिक लेखात केल्टिबेरियन ‘-क्वे’च्या जागी ‘-पे’ येतो, हे या भेदाचे उत्तम उदाहरण होय.

तथापि हे वर्गीकरण वंशावळीचा पुरावा म्हणून दुबळे आहे. ‘क्व’चे रक्षण हा जुना वारसा असून त्यात दोन भाषांनी मिळून केलेला कोणताही नवा बदल नाही, म्हणून केवळ त्यावरून आयरिश व केल्टिबेरियन यांचे विशेष नाते ठरत नाही. ‘क्व’चा ‘प’ होणे हा बदल जरूर आहे. पण तोच बदल लॅटिनशेजारच्या ऑस्कन-अंब्रियन भाषांत व काही परिस्थितींत ग्रीकमध्येही स्वतंत्रपणे झाला आहे. शिवाय गॉलिश प्रदेशातही सेन नदीचे ‘सेक्वाना’ हे नाव व कॉलिन्यी पंचांगातील ‘एक्वोस’ हे मासनाम यांत ‘क्व’ शिल्लक आहे.

बाह्य साम्य किती फसवे असू शकते, हे गॉलिश ‘पिन्पेतोस’ या शब्दावरून ध्यानात येते. त्यातील आद्य ‘प’ संस्कृत ‘पंचम’मधील ‘प’शी तंतोतंत जुळतो असे वाटते. वस्तुतः मूळ आद्य ‘प’ केल्टिकमध्ये पुढच्या ‘क्व’च्या प्रभावाने ‘क्व’ झाला व नंतर गॉलिशमध्ये दोन्ही ‘क्व’ ‘प’मध्ये परिवर्तित झाले. आयरिशमधील आद्य ‘क’ या मधल्या अवस्थेची साक्ष देतो. म्हणजेच गॉलिशमधील ‘प’ टिकून राहिलेला नाही, तर पुन्हा निर्माण झालेला आहे.

द्वीपीय व गॉलो-ब्रिटॉनिक उपपत्ती : दुसऱ्या एका मतानुसार आयरिश व ब्रिटॉनिक या ब्रिटिश बेटांवरील भाषांचा एक ‘द्वीपीय’ गट होतो. वॉरन काउगिल यांनी १९७५ मध्ये क्रियापदांच्या दुहेरी प्रत्ययांच्या आधारे या मताला बळकटी दिली व किम मकोन यांनी पुढे त्याचा विस्तार केला. प्राचीन आयरिशमध्ये क्रियापद वाक्यारंभी स्वतंत्रपणे आले तर त्याला एक प्रत्यय लागतो व नकारार्थी वा तत्सम अव्ययानंतर आले तर दुसरा. जुन्या वेल्शमध्येही या व्यवस्थेचे अवशेष आहेत. इतका विशिष्ट बदल दोन ठिकाणी स्वतंत्रपणे होणे संभवत नाही, असे या पक्षाचे म्हणणे आहे. याउलट कार्ल होर्स्ट श्मिट प्रभृती अभ्यासक गॉलिश व ब्रिटॉनिक यांचा एक गट मानतात व आयरिश-वेल्श साम्ये शेजारामुळे नंतर आली, असे प्रतिपादन करतात. खाडीच्या दोन्ही तीरांवरील टोळ्यांचे निकट संबंध सीझरनेही नोंदविले आहेत. गॉलिशच्या उपलब्ध लेखांत क्रियापदांची संख्या कमी असल्याने या वादाचा सर्वमान्य निकाल लागलेला नाही.

यूरोपच्या मुख्य भूमीवरील सर्व प्राचीन भाषांना ‘खंडीय केल्टिक’ असे एकत्र नाव दिले जाते. पण ती केवळ भौगोलिक संज्ञा आहे. केल्टिबेरियन व गॉलिश यांनी मिळून केलेला, इतर केल्टिक भाषांत नसलेला महत्त्वाचा बदल दाखविता येत नाही. उलट गॉलिश, आयरिश व ब्रिटॉनिक यांत संबंधी सर्वनामाची विभक्तिरूपे गेली असून त्याचे क्रियापदाला चिकटणारे अचल रूप किंवा त्याचे अवशेष आढळतात. अकारान्त नामांच्या षष्ठीचा ‘-ई’ हा एकवचनी प्रत्यय गॉलिश व ओगम आयरिश यांत आहे. केल्टिबेरियनमध्ये मात्र ‘-ओ’ हा वेगळाच प्रत्यय आहे. अशा पुराव्यावरून केल्टिबेरियन ही मूळ प्रवाहातून सर्वप्रथम अलग झाली असावी, असे मत आता बरेच मान्यता पावले आहे. लेपाँटिक ही स्वतंत्र भाषा की इटलीतील गॉलिशचीच जुनी अवस्था, याविषयी मतभेद असून जोसेफ एस्का यांनी दुसऱ्या पक्षाचा पुरस्कार केला आहे.

सीमावर्ती भाषा : पोर्तुगाल व पश्चिम स्पेनमधील लुसितानियन भाषेला काहींनी केल्टिक ठरविले होते. परंतु काबेसो दास फ्रागुआस येथील यज्ञबलींविषयीच्या शिलालेखात ‘पोर्कोम’ (डुक्कर) हा शब्द आद्य ‘प’सह येतो, याच शब्दाचे प्राचीन आयरिश रूप ‘ओर्क’ असे आहे. त्यामुळे बहुसंख्य अभ्यासक लुसितानियनला केल्टिक शाखेबाहेरची इंडो-यूरोपियन भाषा मानतात. आयबेरियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील तार्तेशियन लेखांची भाषा केल्टिक असल्याचे मत जॉन कॉक यांनी २००९ मध्ये मांडले. ते मान्य झाले असते, तर केल्टिक भाषांच्या उगमस्थानाविषयीच्या कल्पनाच बदलल्या असत्या. पण त्या लेखांत शब्दविभागणी नसल्याने वाचन अनिश्चित राहते व बहुतेक तज्ञांनी हे मत स्वीकारलेले नाही. स्कॉटलंडमधील पिक्टिशच्या बाबतीत उलट घडले. तिच्यात इंडो-यूरोपियनपूर्व घटक असल्याचे पूर्वी मानले जाई. कॅथरीन फॉर्साइथ यांच्या १९९७ मधील विवेचनानंतर ती ब्रिटॉनिकच्या निकटची केल्टिक भाषा होती, या मताकडे कल झुकला आहे.

भाषा, पुरातत्त्व व लोक : हालश्टाट व ला तेन या पुरातत्त्वीय संस्कृतींना सरसकट ‘केल्टिक’ म्हणण्याची प्रथा होती. परंतु सर्वांत जुने लेपाँटिक लेख गोलासेक्का या वेगळ्या संस्कृतीच्या प्रदेशातील आहेत व केल्टिबेरियन भाषिकांची संस्कृतीही ला तेनपेक्षा भिन्न होती. तेव्हा तलवारीच्या वा अलंकाराच्या घाटावरून ते वापरणाऱ्याची भाषा ठरविता येत नाही आणि भाषेवरून वंशही ठरत नाही. अर्वाचीन यूरोपात राष्ट्रीय व प्रादेशिक अस्मितेसाठी केल्ट पूर्वजांचा आधार अनेकदा घेतला गेला असल्याने हा विवेक विशेष आवश्यक ठरतो. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ‘केल्टिक’ ही संज्ञा विशिष्ट ध्वनिपरिवर्तने व व्याकरणिक रूपे यांच्या आधारेच लावावयाची असते.

शामाल्येर, लारझाक व बोतोरिता येथील महत्त्वाचे लेख १९७० ते १९९२ या अल्पावधीत सापडले आणि त्यांनी तोवरची अनेक मते बदलावयास लावली. एका शिशाच्या पत्र्यावरील एखादे क्रियापद दोन पिढ्यांच्या वादाला नवी दिशा देऊ शकते. म्हणून प्राचीन केल्टिक भाषांची आजची वंशावळ ही उपलब्ध पुराव्याशी सुसंगत अशी व्यवस्था आहे, अंतिम निर्णय नव्हे. केल्टिकचे एकत्व व केल्टिबेरियनचे वेगळेपण यांना भक्कम आधार आहे. गॉलिश, ब्रिटॉनिक व आयरिश यांच्या परस्परसंबंधाचा निर्णय मात्र नव्या लेखांच्या उपलब्धीवर अवलंबून आहे.